गेट बंद व्हायच्या आत

माझी भाची यंदा जुलैत अंबाजोगाईहून पुण्याला शिकायला आली. आठ दिवसांत फोन. "मावशी, इथं संध्याकाळी करायचं काय गं? रूमवर पडून पंख्याची पाती मोजून झाली." फोनवर तिला बरंच सांगितलं, पण त्यातलं अर्धं ती विसरणार आणि अर्धं मीच सांगायला विसरले. म्हणून हे लिहून ठेवते आहे. पेठांत, कर्वेनगरात, कोथरूडला कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहणाऱ्या बाकीच्या पोरापोरींनाही उपयोगी पडेल.

मी आले २००८ साली. सदाशिव पेठेत मुलींचं एक वसतिगृह होतं, नाव सांगत नाही. गेट रात्री नऊला बंद. उशीर झाला की रजिस्टरमध्ये कारण लिहायचं, महिन्यात तीनदा लिहिलं की घरी फोन. आमच्या अण्णांना असा फोन गेला असता तर दुसऱ्या दिवशी मी परतीच्या एसटीत असते. त्यामुळे पहिल्या वर्षी पाहिलेल्या तीन नाटकांचे शेवट मला आजतागायत माहीत नाहीत. त्यातल्या एकात खून झाला होता. साडेआठ वाजले, मी अंधारात पायानेच चपला शोधल्या आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत बाहेर पडले. खुनी कोण हे शेवटपर्यंत थांबलेल्या मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "अगं, मला डुलकी लागली होती."

पुण्यातल्या संध्याकाळीला पैसे थोडे लागतात, घड्याळ मात्र फार सांभाळावं लागतं. नवीन माणसाचं नेमकं तिथेच चुकतं.

आधी वेळा जमवा

पहिली वेळ गेटची. ती बदलत नाही, पण वाकते. कॉलेजच्या एकांकिकेत, गाण्यात, खेळात कुठेही नाव असेल तर कॉलेजकडून पत्र मिळतं: अमुक विद्यार्थिनी अमुक तारखांना तालमीसाठी थांबणार आहे. खाली सही आणि शिक्का. हे पत्र आधी द्यायचं. उशीर झाल्यावर दिलं की त्याला कागदाइतकीच किंमत. मला ही युक्ती दुसऱ्या वर्षी कळली, तुम्हाला पहिल्याच महिन्यात सांगते आहे.

दुसरी मेसची. बहुतेक मेस साडेनवाच्या सुमारास पातेली पालथी घालतात. नाटक पाहून धावत जावं तर काकू म्हणतात, "पोळ्या संपल्या, भात आहे थोडा." त्यापेक्षा दुपारीच सांगून ठेवा, डबा भरून ठेवतात. आणि रविवारी सकाळी फीस्ट असते, संध्याकाळी मेस बंद. ही सुट्टी म्हणजे देवाने दिलेली नाटकाची वेळ. दुपारी दोन वाट्या बासुंदी खाल्लेल्या माणसाला आठपर्यंत भूक लागत नाही. नंतर वडापाव पुरतो.

तिसरी वेळ रात्री दहाची. पुण्यातला उघड्यावरचा कार्यक्रम दहाच्या ठोक्याला का आटोपतो असं नवीन मुलं विचारतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा आणि भैरवीला उजाडलेलं असायचं, हे आमच्या शेजारचे आजोबा इतक्या वेळा सांगायचे की आम्हाला स्वतः जाऊन आल्यासारखं वाटायचं. आता कार्यक्रम दुपारीच सुरू होतो. तेव्हा निघायची वेळ साडेचार-पाच धरा. आठ वाजता आवरून बाहेर पडलात तर बरंचसं चुकलेलं असेल.

नाटक: प्लॅन, एकटं तिकीट आणि बटाटावडा

मोठ्या नाट्यगृहांत प्रयोगाच्या वेळा साधारण ठरलेल्या. दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच, रात्री साडेनऊ. गेटची वेळ पाळावी लागणाऱ्यांनी साडेपाचचाच प्रयोग धरायचा, आठ-सव्वाआठला सुटतो. बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर, मेट्रोचं संभाजी उद्यान स्टेशन जवळ. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह कोथरूडला. टिळक स्मारक मंदिर टिळक रस्त्यावर, पेठेतल्यांना चालत.

तिकीट ऑनलाइन मिळतं, पण विद्यार्थ्याने खिडकीवर जावं असं माझं मत आहे. खिडकीत खुर्च्यांचा नकाशा असतो, त्याला प्लॅन म्हणतात. त्यात विकलेल्या जागांवर खुणा असतात. लोक जोडीने, चौकडीने येतात, त्यामुळे मध्येमध्ये एकेक खुर्ची सुटते. एकटे जा आणि विचारा, "पुढं एखादं एकटं आहे का?" मी बाल्कनीचे पैसे घेऊन गेले आणि त्यांत थोडीशी भर घालून पाचव्या रांगेत बसले, असं कितीदा तरी झालंय. सुटे पैसे न्या. खिडकीवरच्या माणसाशी ओळख झाली की कुठल्या प्रयोगाला गर्दी नाही ते तोच सांगतो. मैत्रिणींबरोबर जायचंच असेल तर वेगवेगळं बसा आणि मध्यंतरात बटाटावड्यापाशी भेटा. पुण्यात बटाटावड्याशिवाय मध्यंतर होत नाही. पण तिसरी घंटा ऐकून वडा तोंडात कोंबत आत जाऊ नका, कागदाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

बालगंधर्व १९६८ साली उघडलं आणि त्याचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं होतं. आतल्या पायऱ्या चढताना हे आठवा, नाहीतर नुसती तिकिटाची रांग राहते.

छोट्या जागा वेगळ्या. शनिवार पेठेत अहिल्यादेवी शाळेजवळचा सुदर्शन रंगमंच, टिळक रस्त्यावर हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह. इथे प्रायोगिक नाटकं होतात, तिकीट स्वस्त, नट इतक्या जवळ की त्यांचा घाम दिसतो. इथे उशिरा आत जाता येत नाही आणि मधूनच उठून बाहेर पडणं फार वाईट दिसतं. माझी ती तीन नाटकं अशाच छोट्या जागांमधली, सातची. तेव्हा सातचा प्रयोग असेल तर आधी 'नाटक किती वेळाचं आहे?' एवढं विचारून घ्या. दीड तासाचं, मध्यंतर नसलेलं असेल तर नऊचं गेटसुद्धा कसंबसं गाठता येतं.

नाटकातलं काही कळलं नाही तर घाबरू नका. पहिल्या प्रायोगिक नाटकात एक माणूस वीस मिनिटं एकच खुर्ची इकडून तिकडे ठेवत होता. मी अंबाजोगाईची, मला वाटलं सेट लावायचं राहिलंय.

पुरुषोत्तम: पाहा, नाहीतर सतरंज्या उचला

पुण्यात शिकून पुरुषोत्तम करंडक न पाहता परत जाणाऱ्या मुलांचं मला खरंच वाईट वाटतं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. जागा सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. ऑगस्टच्या आसपास प्राथमिक फेरी, एका संध्याकाळी ओळीने तीन एकांकिका. नवीन माणसाने याच फेरीला जावं. अंतिम फेरीची तिकिटं हातोहात जातात आणि गर्दीत उभं राहायलाही जागा उरत नाही. प्राथमिक फेरीत दोन एकांकिका पडतात आणि तिसरी अशी येते की घरी चालत जाताना बोलवत नाही. पडलेल्या दोन पाहिल्याशिवाय तिसरी कळत नाही, असं माझं मत.

नाटकाइतकाच प्रेक्षकांचा दंगा पाहण्यासारखा. पडदा उघडायच्या आधी एक जण ओरडतो, "अरे आव्वाज कुणाचा!" आणि दोनशे गळे आपल्या कॉलेजचं नाव घेतात. मी भिडस्त होते, पहिल्या वर्षी तोंड नुसतं हलवलं. दुसऱ्या वर्षी घसा तीन दिवस बसला होता. आणि एवढ्या आरोळ्या असल्या तरी परीक्षक विरघळत नाहीत. २०२२ साली एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. गावभर भांडणं झाली त्यावर. मला तो निर्णय आवडला होता, माझ्या ग्रुपमधल्या कुणालाच नाही.

अभिनय येत नसेल तर बॅकस्टेजला जा. कुठल्याही टीमला लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, उचलायला, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळायला माणसं कमीच पडतात, कुणी 'नको' म्हणत नाही. गेटसाठीचं ते पत्र यातूनच मिळतं. माझ्याकडे प्रॉपर्टी होती: एक कंदील, दोन तांबे, एक पत्र. स्पर्धेच्या दिवशी ते पत्र ठेवायचं राहिलं. नायिकेने टेबलावर हात नेला, काही नाही. तिने ब्लाउजच्या बाहीतून बसचं तिकीट काढलं आणि तेच उलगडून वाचलं. टाळी पडली. मी विंगेत रडत होते. नंतर चहा प्यायला गेलो तेव्हा तिने ते तिकीट मला दिलं, अजून आहे माझ्याकडे.

हिवाळ्यात फिरोदिया करंडक असतो, त्यात नाच, गाणं, चित्रकला सगळं एकाच नाटकात घालतात. ज्यांना कुठलीतरी एकच कला येते त्यांच्यासाठी तो बरा.

नदीपात्रातला ढोल

पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी नदीपात्रातून ढोलाचा आवाज येतो. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पथकांचा सराव चालतो, आणि बाहेरगावच्या मुलांना पुण्यात ओळखी होण्याची याहून सोपी जागा मला माहीत नाही. सराव कुठे चालतो ते आवाजावरून शोधा, जाऊन उभे राहा, नाव द्या. बहुतेक पथकं नवीन मुलामुलींना शिकवतात.

करायचं असं. पहिल्या दिवशी सैल कपडे आणि कानात घालायला कापूस. ढोल कमरेला बांधतात, दोरी रुतते, म्हणून कमरेला जाडसर ओढणी आधी गुंडाळा. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप. पहिले आठ दिवस हाताला फोड येतात, त्यावर चिकटपट्टी लावून वाजवायचं. अजिबात जमत नसेल तर ध्वज आहे, टोल म्हणजे ठोकून वाजवायची धातूची तबकडी आहे. ताशाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, ते पोरखेळ नाही. घरचे विचारतील अभ्यासाचं काय. दोन महिने संध्याकाळचे दोन तास जातात, हे कबूल करूनच जा. हो, आणि दवाखान्यांजवळ, वस्तीत लोकांना या आवाजाचा त्रास होतो, तो खराच आहे. दहाच्या आत थांबायचं म्हणजे थांबायचं.

विसर्जनाची मिरवणूक मंडईतून सकाळी निघते, कसबा गणपती पुढे, आणि दुसऱ्या दिवशी दुपार उजाडली तरी लक्ष्मी रस्ता मोकळा झालेला नसतो. त्या एका रात्री गेटचा विचार सोडा. आधीच सांगून बाहेर राहा, चारजणी मिळून राहा, मोबाइल आतल्या खिशात ठेवा. पहाटे पाय ओढत नळस्टॉपला या, तिथले गरम पोहे खा. परीक्षेच्या दिवसांत रात्र जागवणारी मुलंही तिथेच भेटतात, डोळे तसेच लाल.

अर्काइव्ह आणि सवाई

लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. मुलं त्याला अर्काइव्ह म्हणतात. तिथल्या थिएटरात फिल्म क्लबचे, महोत्सवांचे खेळ होतात. काहींना सभासदत्व लागतं, बरेच विनामूल्य आणि आधी येईल त्याला जागा. अर्धा तास आधी जा, ओळखपत्र ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सिनेमा जपानी होता आणि खाली इंग्रजी अक्षरं. माझं शिक्षण मराठीतून. एक ओळ वाचून होईपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जायची. चौथ्या-पाचव्या सिनेमापर्यंत वाचायचा वेग वाढला. इंग्रजीच्या क्लासला भरलेले पैसे मला अजून आठवतात. तेव्हा भाषेची भीती असेल तर आधी इथे जा.

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला. मी गेले तेव्हा रमणबाग शाळेच्या मैदानावर होता, आता मुकुंदनगरला असतो, स्वारगेट मेट्रोहून चालत जाता येतं. खुर्चीचं तिकीट सोडा, भारतीय बैठकीचं घ्या. बरोबर पातळ सतरंजी, स्वेटर आणि मफलर. मैदानात सातनंतर थंडी खालून येते, अंगावर कितीही घाला. गाण्यातलं कळत नसेल तर शेजारच्या आजींजवळ बसा. त्या मांडीवर बोटांनी ताल धरतात, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते त्यांच्या हाताकडे पाहून कळतं. त्यांच्याकडे लाडूही असतात.

त्याच महिन्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. आत जायला पैसे नाहीत. खिशात दोनशे रुपये ठेवून जा, पाचशे ठेवलेत तर पाचशेही जातील. उन्हाळ्यात थांबणार असाल तर टिळक स्मारकात वसंत व्याख्यानमाला, एप्रिल-मे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. पहिल्या रांगांत पांढरे केस, मागे आम्ही चौघी. प्रश्नोत्तरं झाली की एखादे काका वक्त्यालाच व्याख्यान देतात, ते चुकवू नका.

फुकटात, आणि खिसा जरा गरम असेल तर

झेड ब्रिजवर गाड्या लावून लोक नदीकडे तोंड करून बसतात. जोडप्यांचा पूल म्हणून तो बदनाम आहे, पण तीन मैत्रिणींनी शेंगदाणे घेऊन बसायलाही चांगला. टेकडीवर जायचं तर पाचला चढा आणि अंधार पडायच्या आत उतरा. एकट्यादुकट्याला लुबाडल्याच्या घटना होतात, म्हणून सूर्यास्त वरून पाहायचा मोह टाळा, तो खालूनही होतो.

गुडलक १९३५ पासूनचं इराणी, बनमस्का आणि चहा. वैशाली-रुपालीत एसपीडीपी एकदा तरी, ती पुण्याची शेवपुरी समजा, वर दही. सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी, एक घेऊन दोन चमचे मागा. दहानंतर भूक लागली तर गाडीवरची भुर्जी.

पबविषयी मला फार सांगता येणार नाही. नोकरी लागल्यावर दोनदा गेले, दोन्ही वेळा समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही. एवढं लक्षात ठेवा: महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५, आणि नाकाबंदीत पोलिस ओळखपत्र बघतात. पिऊन गाडीवर बसू नका, पिलेल्याच्या मागेही बसू नका. या शहरात त्यावरून काय झालंय ते सगळ्यांनी वाचलं आहे.

परत येणं

मेट्रो रात्री अकराच्या सुमाराला थांबते, शेवटच्या गाडीच्या भरवशावर बसू नका, तिच्या आधीची पकडा. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे, कार्ड काढून घ्या. पीएमपीच्या रातराणी बस मोजक्याच मार्गांवर धावतात. तुमच्या भागातली आहे का ते दिवसाच कंडक्टरला विचारून ठेवा. रिक्षात बसलात तर नंबरचा फोटो मैत्रिणीला पाठवा, अडचण आली तर ११२. बारानंतर रिक्षाचा दर चढतो, आणि पेठेतल्या गल्लीत यायचं म्हटलं की रिक्षावाल्याचा चेहरा उतरतो. भाडं आधी बोला.

आणि गेटची फार धास्ती घेऊ नका. २०१० च्या मार्चची गोष्ट. महिला दिनाच्या निमित्ताने बालगंधर्वला लावणीचा कार्यक्रम होता, फक्त महिलांसाठी. आम्ही वसतिगृहातल्या अकराजणी गेलो. साडेआठला संपेल असा हिशेब होता, पण वन्स मोअरवर वन्स मोअर. पावणेनऊ झाले. मी सवयीने चपला चाचपायला लागले, रजिस्टरमध्ये अकराजणींचं कारण कसं लिहायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून अशी सणसणीत शिट्टी आली की सगळ्या वळल्या. दोन बोटं तोंडात, पदर खोचलेला, शेजारी त्यांची जाऊ: आमच्या वॉर्डनकाकू. गेटची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. मी चपला सोडल्या आणि नीट मांडी घालून बसले.

त्या रात्री गेट सव्वादहाला बंद झालं.